मूल ‘नको’ म्हणतं तेव्हा: ताब्याच्या वादातला पालक-दुरावा

ताब्याच्या खटल्यात न्यायाधीशांपुढे शेकडो पानांची प्रतिज्ञापत्रं येतात, पण प्रकरण अडतं ते बऱ्याचदा मुलाच्या एका छोट्या वाक्यापाशी. ‘मला बाबांकडे जायचं नाही.’ किंवा ‘मला आईला भेटायचं नाही.’ या वाक्याचा अर्थ काय, याबद्दल दोन्ही पालकांच्या मनात तिळमात्र शंका नसते. ज्याला नाकारलं जातं तो म्हणतो, ‘हे मुलाचं बोलणं नाही, पढवून पाठवलंय त्याला.’ ज्याच्याकडे मूल राहतं तो म्हणतो, ‘मूल घाबरतंय, आणि घाबरायला तसं कारण आहे.’ यात दोघंही आपापल्या परीने खरं बोलत असू शकतात. एक जण धडधडीत खोटं बोलत असणंही शक्य आहे. बाहेरून दोन्ही घरं सारखीच दिसतात.

या गुंत्यासाठी वकील, समुपदेशक आणि न्यायालयं ‘पॅरेंटल एलियनेशन’ असा शब्द वापरतात. आपण त्याला पालक-दुरावा म्हणू. थोडक्यात कल्पना अशी: आईवडील वेगळे होताना किंवा झाल्यावर एक पालक मुलाचं मन दुसऱ्याविरुद्ध इतकं कलुषित करतो, की दुसऱ्याने तसं काही केलेलं नसतानाही मूल त्याला झिडकारू लागतं. ‘तसं काही केलेलं नसतानाही’ हा तुकडा नीट लक्षात ठेवा. पुढचा सगळा वाद त्याच्याभोवती फिरतो.

कान कसे भरले जातात

दुसऱ्याबद्दल मुलासमोर वाईट बोलणं, हा सगळ्यांना माहीत असलेला प्रकार. ‘तुझ्या बाबांना तुझी पडलेली नाही’, ‘तुझ्या आईने आपलं घर मोडलं’. हे ऐकू येतं, साक्षीदार मिळतात, मेसेज सापडतात. पण ज्या घरांत खरं नुकसान होतं, तिथे बऱ्याचदा एकही वाईट शब्द बोलला जात नाही.

मूल भेटीहून परत येतं आणि उत्साहाने सांगू लागतं, तेव्हा ऐकणाऱ्याचा चेहरा पडतो. ‘मजा आली ना? बरं झालं,’ असं कोरड्या आवाजात म्हटलं जातं आणि नंतर तासभर घरात कुणी बोलत नाही. दोनदा असं झालं की मूल तिसऱ्यांदा काही सांगत नाही. मग भेटीच्या आधी प्रश्न सुरू होतात: ‘तिथे तुला काही त्रास नाही ना? नक्की? काही झालं तर लगेच फोन कर हं.’ यात एकही शब्द आक्षेपार्ह नाही, पण मुलापर्यंत पोचतं ते हेच की ती जागा धोक्याची आहे. दुसऱ्या पालकाचा फोन आला की तो स्पीकरवर ठेवला जातो. त्याने दिलेली वस्तू हरवते, मोडते किंवा कपाटाच्या वरच्या फळीवर जाऊन बसते. नेमक्या भेटीच्या दिवशी मुलाच्या आवडीचा कार्यक्रम ठरतो. घरात त्या पालकाला आई किंवा बाबा म्हणणं बंद होऊन नुसत्या नावाने उल्लेख सुरू होतो, आणि मूलही तसंच म्हणू लागतं. कोर्टाचे कागद टेबलावर मुलाला दिसतील असे पडलेले असतात. पैशांची तंगी आहे आणि ती कुणामुळे आहे, हे मुलाला आकड्यांसकट माहीत असतं.

आणि एक वाक्य तर जवळजवळ प्रत्येक अशा खटल्यात येतं: ‘मी कधीच अडवलं नाही, त्यालाच जायचं नसतं, मी काय जबरदस्ती करू?’ वरवर हे मुलाच्या मताचा आदर केल्यासारखं वाटतं. पण हाच पालक मूल शाळेत जायला, दाताच्या डॉक्टरकडे जायला किंवा परीक्षेला बसायला नाही म्हणालं तर निर्णय मुलावर सोडत नाही. मग नेमक्या याच बाबतीत आठ वर्षांचं मूल अचानक स्वतंत्र निर्णय घेण्याइतकं मोठं कसं होतं? हा प्रश्न विचारायलाच हवा. (मात्र उत्तर ‘कारण तिथे त्याला खरंच मार बसतो’ असंही असू शकतं. म्हणून हा प्रश्न आरोपाच्या सुरात विचारून चालत नाही.)

हे करणारा प्रत्येक पालक कपटी असतो असं मुळीच नाही. काही जण बदल्याच्या भावनेने, ठरवून करतात. बरेच जण मात्र स्वतः इतके दुखावलेले असतात, की ज्या माणसाने आपल्याला असं वागवलं तो मुलाशी चांगला वागू शकतो, ही कल्पनाच त्यांना करवत नाही. मुलाला वाचवतोय असं त्यांना मनापासून वाटत असतं. वाईट जोडीदार म्हणजे वाईट पालक, ही उडी त्यांनी कधी घेतली हे त्यांच्याही लक्षात येत नाही. काहींना एकटेपणाची भीती असते आणि मूल हेच त्यांचं उरलेलं घर असतं. हेतू काहीही असो, मुलावर होणारा परिणाम बराचसा सारखाच असतो.

मूल असं का वागतं

मोठ्यांना वाटतं की मूल पटवलं जातं. प्रत्यक्षात मूल सुटका शोधत असतं. ज्यांच्यावर आपलं जगणं अवलंबून आहे अशी दोन माणसं एकमेकांचा तिरस्कार करतात. एकाकडे जाताना दुसऱ्याला फसवल्यासारखं वाटतं, परत येताना पहिल्याला. दर आठवड्याला कपड्यांच्या पिशवीबरोबर हे ओझंही इकडून तिकडे न्यावं लागतं. अशा वेळी एकच बाजू धरली की ओझं एकदम हलकं होतं. ‘तो वाईटच आहे’ असं ठरवलं की आठवण येणं बंद करता येतं, अपराधी वाटणं थांबवता येतं. त्यात मूल ज्याच्याकडे जास्त राहतं त्याची मर्जी सांभाळणं ही त्याची गरजच असते.

अमेरिकेत ज्युडिथ वॉलरस्टाइन आणि जोन केली यांनी १९७० च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या घटस्फोट घेणाऱ्या ६० कुटुंबांचा आणि त्यांतल्या १३१ मुलांचा अभ्यास केला. काही मुलं रागावलेल्या पालकाशी घट्ट युती करून दुसऱ्याविरुद्ध उभी राहतात, हे त्यांनी तेव्हाच नोंदवलं होतं, आणि अशी युती करणाऱ्यांत नऊ-दहा ते बारा वर्षांच्या आसपासची मुलं ठळकपणे दिसली होती. हे वय अडनिडं असतं. न्याय-अन्यायाची समज आलेली असते, पण त्यातल्या मधल्या छटा पकडता येत नाहीत. कुणाची तरी चूक असणारच, आणि ज्याची चूक त्याच्याशी कट्टी, असा सरळ हिशोब असतो. त्याहून लहान मुलं रोज ज्या घरात असतात त्या घराची होऊन जातात. किशोरवयीनांचं आणखी वेगळं. त्यांना तसंही कुणाकडेच जायचं नसतं, मित्र हवे असतात. त्यांचा कंटाळा हा दुरावा समजून कोर्टात अर्ज टाकणारे पालक कमी नाहीत.

लहान मुलांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट समजून घ्यायला हवी: त्यांची आठवण. मिशेल लीच्टमन आणि स्टीफन सेसी यांनी १९९५ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग या विषयात वारंवार सांगितला जातो. तीन ते सहा वर्षांच्या मुलांच्या बालवाडीत सॅम स्टोन नावाचा एक माणूस दोनेक मिनिटांसाठी आला, नमस्कार-चमत्कार करून निघून गेला. त्याने काहीही बिघडवलं नाही. पण मुलांच्या एका गटाला तो येण्याआधी अनेक आठवडे ‘सॅम फार वेंधळा आहे, त्याच्या हातून सारखं काहीतरी मोडतं’ अशा गोष्टी सांगितल्या होत्या. तो येऊन गेल्यावर, ‘सॅमने पुस्तक फाडलं तेव्हा तो रागावला होता का?’ अशा धर्तीचे प्रश्न पुनःपुन्हा विचारले गेले. अखेरीस ज्यांना आधी गोष्टीही सांगितल्या होत्या आणि नंतर असे प्रश्नही विचारले होते, त्यांतल्या बऱ्याच लहान मुलांनी सॅमने पुस्तक फाडल्याचं, टेडी मळवल्याचं ठामपणे सांगितलं. काहींनी तर न घडलेल्या प्रसंगाचा तपशीलही भरला. ज्यांना आधी काही सांगितलं नव्हतं आणि ज्यांना साधे प्रश्न विचारले, त्या मुलांनी जे पाहिलं तेवढंच सांगितलं.

ही मुलं खोटं बोलत नव्हती. त्यांना तसंच आठवत होतं. आणि या प्रयोगाची दुसरी बाजू तितकीच महत्त्वाची आहे, जी खटल्यांत सोयीस्करपणे गाळली जाते: न सुचवता, न दाबता विचारलं तर लहान मुलं बऱ्यापैकी अचूक सांगतात. तेव्हा ‘मुलांचं काय, कुणी शिकवलं तसं बोलतात’ हा निष्कर्ष या संशोधनातून निघत नाही. कुणी, किती वेळा आणि कसं विचारलं, याकडे बघायला ते शिकवतं.

‘सिंड्रोम’ने केलेला घोटाळा

१९८५ मध्ये रिचर्ड गार्डनर या अमेरिकी बालमानसोपचारतज्ज्ञाने ‘पॅरेंटल एलियनेशन सिंड्रोम’ (पीएएस) असं नाव काढलं आणि सरळसरळ विकाराच्या भाषेत लक्षणांची यादी दिली. मूल एका पालकाची अखंड निंदा करतं, त्यासाठी क्षुल्लक कारणं देतं, एकात सगळं चांगलं आणि दुसऱ्यात सगळं वाईट पाहतं, ‘हे माझं स्वतःचं मत आहे’ असं न विचारताच सांगतं, भांडणात डोळे मिटून एकाचीच बाजू घेतं, क्रूर वागूनही त्याला काही वाटत नाही, मोठ्यांच्या तोंडची वाक्यं आणि प्रसंग जसेच्या तसे वापरतं, आणि हा राग आजी-आजोबा, काका-मामांपर्यंत पसरतो. ही आठ निरीक्षणं कौटुंबिक न्यायालयात काम केलेल्या कुणालाही ओळखीची वाटतील. गार्डनर यांचं यश तिथेच आहे.

अडचण निरीक्षणांत नाही, त्यांवरून काढलेल्या निष्कर्षात आहे. ताप पाहून लगेच मलेरियाचं औषध सुरू करावं, तसा हा प्रकार. मूल पालकाला झिडकारतंय हे लक्षण झालं, कारण वेगळं शोधावं लागतं. गार्डनर यांनी कारण लक्षणांतच बसवून टाकलं: मूल असं वागतंय, म्हणजे दुसऱ्या पालकाने ते पढवलंय. आपल्या म्हणण्याला त्यांनी स्वतंत्र संशोधनाचा आधार दिला नाही, बरंचसं लेखन स्वतःच छापलं, आणि सुरुवातीला तर असं पढवणाऱ्या बहुतांशी आयाच असतात असं मांडलं. पुढे त्यांनी ते बदललं, पण तोपर्यंत ही कल्पना ‘सूडाने पेटलेली आई’ या चित्राशी घट्ट चिकटली होती. छळाचा आरोप झाला तर तोही लक्षणाचाच भाग मानण्याकडे या मांडणीचा कल होता. मग खरा छळ झालेल्या मुलाने तो सिद्ध करायचा कसा? जितकं जास्त सांगेल तितकं ‘पढवलेलं’ ठरेल.

वैद्यकीय जगाने या सिंड्रोमला जागा दिली नाही. अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ मध्ये काढलेल्या निदानसूचीत, म्हणजे डीएसएम-५ मध्ये, तो नाही. आईवडिलांच्या तणावाचा मुलावर होणारा परिणाम अशी एक नोंद तिथे आहे, पण तो विकार नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ या सूचीच्या अनुक्रमणिकेत हा शब्द काही काळ शिरला होता, टीका झाल्यावर २०२० मध्ये तो काढला गेला. तरीही न्यायालयांत ‘माझ्या मुलाला पीएएस झालाय’ असं सांगणारे आजही भेटतात. असं निदान कुणी प्रमाणपत्रावर लिहून देत असेल, तर त्या माणसाकडून सावध राहावं.

नकाराचे प्रकार

जास्त उपयोगी मांडणी २००१ मध्ये जोन केली आणि जॅनेट जॉन्स्टन यांनी केली. त्यांनी सुरुवात पालकापासून न करता मुलापासून केली. मूल आणि पालक यांच्या नात्याची एक पट्टी आहे असं धरा. एका टोकाला दोघांशीही चांगलं नातं. त्याच्या शेजारी ओढा: मुलाला एकाशी जास्त जमतं, वयामुळे, स्वभावामुळे, आवडीमुळे. यात आजार नाही, कट नाही. पुढे युती: मूल उघडपणे एकाच्या बाजूचं आहे, दुसऱ्यावर रागावलेलं आहे, पण त्याला पूर्ण तोडत नाही. ‘तू घर सोडून गेलास’ हा राग त्यात येतो, आणि तो समजण्यासारखा असतो.

या पट्टीच्या दुसऱ्या टोकाला दोन अवस्था आहेत. बाहेरून त्या जुळ्या वाटतात, आत मात्र उलट्या असतात. एकीत मूल पालकाला दूर लोटतं कारण त्या पालकाने मारलं, छळलं, दारू पिऊन तमाशे केले, आईला मारताना मुलाने पाहिलं, किंवा वर्षानुवर्षं ढुंकूनही पाहिलं नाही. हा नकार वास्तवावर उभा आहे, आणि मुलाचं स्वतःला वाचवणं आहे. दुसरीत मूल तितक्याच तीव्रतेने झिडकारतं, पण त्याच्या अनुभवात त्या तीव्रतेला पुरेसा आधार सापडत नाही. ‘पालक-दुरावा’ हा शब्द फक्त या शेवटच्या अवस्थेसाठी राखून ठेवावा, असं केली-जॉन्स्टन यांचं म्हणणं.

त्यांच्या मांडणीतला मला सर्वांत मोलाचा वाटणारा भाग असा, की इथेही कारण एकच नसतं. मुलाचा स्वभाव, लांबत गेलेला खटला, दोन्हीकडच्या नातेवाइकांनी आगीत ओतलेलं तेल, आणि नाकारल्या गेलेल्या पालकाचं स्वतःचं वागणं, हे सगळं मिळून नातं तुटतं. नाकारलेला पालक दर भेटीत आधीच्या भेटीचा जाब विचारतो. ‘तुला आईने काय शिकवून पाठवलंय ते माहीत आहे मला’ असं मुलालाच सुनावतो, किंवा अपमान सहन न होऊन स्वतःच येणं बंद करतो. तो दुरावा घडवत नसेल, पण खतपाणी नक्की घालतो. कौटुंबिक समुपदेशनात काम करणारे बरेच जण सांगतात की शुद्ध प्रकरणं विरळाच, संमिश्रच जास्त.

याच शब्दाचं हत्यार होतं तेव्हा

आता नाजूक भाग. मुलाचा छळ झाला असं एक पालक म्हणतो. दुसरा उत्तर देतो, ‘छळबिळ काही नाही, ही मला मुलापासून तोडतेय.’ न्यायालयाकडे मारहाणीचा पुरावा नसतो, कारण घरातल्या मारहाणीला सहसा साक्षीदार नसतो. पण मूल भेटत नाहीये याचा पुरावा मात्र समोरच असतो. मग दुराव्याचा आरोप सिद्ध झाल्यासारखा वाटतो आणि छळाचा आरोप बनाव वाटू लागतो. मुलाला वाचवणारा पालकच गुन्हेगार ठरतो, आणि मूल ज्याला घाबरतं त्याच्याच घरी राहायला जातं.

ही भीती काल्पनिक नाही. अमेरिकेत जोन मायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ ते २०१४ या काळातले ताब्याचे निकाल तपासले. २०१९ मध्ये त्यांनी मांडलं की वडिलांनी दुराव्याचा प्रत्यारोप केला की आईच्या छळाच्या तक्रारीवर विश्वास ठेवला जाण्याचं प्रमाण आणखी घटतं आणि तिने ताबा गमावण्याचं प्रमाण वाढतं. दुसऱ्या संशोधकांनी वेगळे निकाल घेऊन या निष्कर्षांना आव्हान दिलं, आणि तो वाद मिटलेला नाही. संयुक्त राष्ट्रांच्या महिलांवरील हिंसाचारविषयक विशेष प्रतिवेदक रीम अलसालेम यांनी मात्र २०२३ च्या अहवालात थेट भूमिका घेतली: कौटुंबिक खटल्यांत ही संकल्पना वापरायला देशांनी बंदी घालावी.

देशोदेशीचे कायदेही एकमेकांच्या विरुद्ध दिशेला उभे आहेत. ब्राझीलने २०१० मध्ये या विषयावर स्वतंत्र कायदा केला. त्यात दुराव्याच्या वागणुकीची उदाहरणं आहेत आणि ताकिदीपासून दंड ते ताबा बदलण्यापर्यंतचे उपाय आहेत. स्पेनने २०२१ च्या बालसंरक्षण कायद्यात याच्या उलट सांगितलं: शास्त्रीय आधार नसलेल्या अशा ‘सिंड्रोम’ला सरकारी यंत्रणांनी विचारात घेऊ नये. भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१७ च्या एका निकालात या संकल्पनेची दखल घेत मुलीचा ताबा आईकडे देण्याचा आदेश कायम ठेवला. २०२४ च्या दुसऱ्या एका निकालात त्याच न्यायालयाने बजावलं की दुरावा घडवणाऱ्या वागणुकीचे नेमके प्रसंग दाखवल्याशिवाय कुठल्याही पालकावर असा शिक्का मारण्याची घाई करू नये. त्या प्रकरणात मुलांनी वडिलांकडेच राहायची इच्छा वारंवार सांगितली होती.

मला यात बंदीही पटत नाही आणि स्वतंत्र कायदाही. शब्दावर बंदी घातली म्हणून कान भरणं थांबत नाही, आणि कायदा केला की प्रत्येक खटल्यात तो आरोप छापील नमुन्यासारखा भरला जातो. वाद शब्दाचा न करता वागणुकीचा करावा. ‘हिला पालक-दुराव्याची सवय आहे’ यापेक्षा ‘जून ते सप्टेंबर या काळात ठरलेल्या बारा भेटींपैकी नऊ रद्द झाल्या, आणि त्या का रद्द झाल्या याचे हे मेसेज’ हे वाक्य न्यायाधीशाला जास्त काही सांगतं.

तपासाचा क्रम

इंग्लंड आणि वेल्समध्ये फॅमिली जस्टिस कौन्सिल या कौटुंबिक न्यायव्यवस्थेच्या सल्लागार मंडळाने डिसेंबर २०२४ मध्ये दिलेलं मार्गदर्शन मला यात सर्वांत स्वच्छ वाटतं. तीन गोष्टी सिद्ध झाल्या तरच न्यायालयाने दुरावा घडवणारी वागणूक झाली असं म्हणावं. मूल त्या पालकाशी नातं ठेवायला खरंच नाकारतंय किंवा टाळतंय. हा नकार त्या पालकाच्या स्वतःच्या वागण्यातून आलेला नाही, आणि नुसता वयाचा, स्वभावाचा किंवा एकाकडे असलेल्या ओढ्याचाही नाही. आणि दुसऱ्या पालकाने असं काही केलंय की ज्याचा थेट वा आडून मुलावर परिणाम होऊन हा नकार आला. यातली तिसरी गोष्ट पहिल्यावरून गृहीत धरता येत नाही. शिवाय हा निर्णय वस्तुस्थितीचा आहे आणि तो न्यायाधीशाने पुराव्यावरून करायचा आहे. तो मानसशास्त्रज्ञाने द्यायचं निदान नव्हे.

क्रमही महत्त्वाचा. आधी सुरक्षितता. छळाचा आरोप असेल तर तो आधी आणि लवकर तपासायला हवा. दुराव्याचा मुद्दा त्यानंतर. हा क्रम उलटा झाला की सगळं फसतं.

तपासताना बघायच्या गोष्टी बऱ्याचदा साध्याच असतात. नकार कधी सुरू झाला? नातं आधी कसं होतं, फोटो, शाळेचे कार्यक्रम, शेजारी काय सांगतात? नकाराची वेळ मारहाणीच्या प्रसंगाशी जुळते, की पोटगीच्या अर्जाशी, की घरात आलेल्या नव्या जोडीदाराशी? मूल दारात रडतं, पण वळणावर गेल्यावर पंधरा मिनिटांत हसू लागतं का? भावंडांची वागणूक सारखी आहे का? मूल स्वतःचा प्रसंग सांगतं की निष्कर्ष? ‘त्या दिवशी त्याने पट्टा काढला आणि मी पलंगाखाली गेलो’ हा प्रसंग झाला. ‘तो जबाबदारी न घेणारा माणूस आहे’ हे सात वर्षांच्या मुलाचं वाक्य वाटत नाही.

एक गोष्ट अनेकांना उलटी वाटते: खरोखर छळ झालेली मुलं बऱ्याचदा छळणाऱ्या पालकाबद्दल दुहेरी बोलतात. ‘मारतो, पण कधीकधी फिरायला नेतो.’ त्यांना तो पालक सुधारलेला हवा असतो. एकही चांगली आठवण नसणं, हे म्हणूनच चौकशी करायला लावतं. पण यावरून निवाडा करता येत नाही, कारण पुरेसा भयानक अनुभव चांगल्या आठवणीही पुसून टाकतो.

मुलाचं म्हणणं ऐकायचं की नाही, हा वाद मला निरर्थक वाटतो. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क करारात दोन्ही गोष्टी आहेत: कलम ९ प्रमाणे, मुलाच्या हिताविरुद्ध नसेल तर, दोन्ही पालकांशी नियमित संपर्काचा हक्क, आणि कलम १२ प्रमाणे आपलं मत मांडण्याचा हक्क. मुलाचं ऐकणं आणि निर्णयाचं ओझं त्याच्या डोक्यावर ठेवणं यांत फरक आहे. ‘तुला कोण हवं?’ हा प्रश्न मुलाला कुणीच विचारू नये, काळ्या कोटातल्या माणसाने तर नाहीच.

मग करायचं काय

दुरावा नुकताच सुरू झाला असेल तर तारीख, वेळ आणि जागा ठरवून दिलेला, पळवाटा नसलेला भेटीचा आदेश बरंच काम करतो. ‘परस्पर सोयीने भेटावं’ असा आदेश भांडणाऱ्या जोडप्याला देणं म्हणजे नव्या भांडणाला तारीख देणं. मध्यम प्रकरणांत समुपदेशन लागतं, आणि ते एकट्या मुलाचं करून भागत नाही, दोन्ही पालक त्यात हवेत. या काळात वेळ कुणाच्याच बाजूने नसतो, तो फक्त दुराव्याच्या बाजूने असतो. सहा महिने तारखा पडत राहिल्या तर पाच वर्षांच्या मुलाच्या आयुष्याचा दहावा हिस्सा गेलेला असतो, आणि मग ‘मुलाला इथली सवय झालीये’ हेच न्यायालयात कारण होऊन बसतं.

टोकाच्या प्रकरणांत ताबा बदलण्याचा आणि आधीच्या पालकाशी संपर्क काही काळ थांबवण्याचा उपाय सुचवला जातो. काही ठिकाणी ‘पुनर्मीलन शिबिरं’ही चालतात, तिथे मुलाला नको असलेल्या पालकाबरोबर काही दिवस ठेवतात. यांच्या परिणामकारकतेचा पुरावा कच्चा आहे, आणि अशा शिबिरांतून गेलेल्या काही मुलांनी मोठेपणी तक्रारी केल्या आहेत. २०२२ मध्ये अमेरिकेच्या संघीय कायद्याने अशा सक्तीच्या उपचारांना आवर घालणाऱ्या राज्यांना जादा निधीचं प्रोत्साहन दिलं. ताबा बदलणं कधीकधी योग्य असतं. पण तो मुलाला पढवणाऱ्या पालकाला दिलेला दंड म्हणून करायचा नसतो, कारण घर मुलाचं बदलतं.

नाकारलेल्या पालकाने काय करावं, हे सांगायला सोपं आणि निभवायला अवघड आहे. ठरलेल्या वेळी जावं, मूल आलं नाही तरी जावं, आणि त्याची शांतपणे नोंद ठेवावी. मुलाने शिकवल्यासारखं काही म्हटलं तर ‘हे तुला कुणी सांगितलं?’ असं विचारू नये, तो प्रश्न मुलाला पुन्हा मधे उभा करतो. ‘तुला असं वाटतंय हे ऐकून वाईट वाटलं, मला ते वेगळं आठवतं,’ एवढं पुरे. आपलं खरंच काही चुकलं असेल तर त्याची कबुली मुलाजवळ द्यावी, आणि कोर्टाच्या भीतीने ती टाळू नये. वकिलाशी आधी बोलून घ्यावं, पण टाळू नये. आजी-आजोबांना, मित्रांना मुलासमोर दुसऱ्या पालकावर टीका करू देऊ नये.

ज्याच्याकडे मूल राहतं त्याच्यासाठीही एक कसोटी आहे. मूल तिकडून आनंदाने परत आलं तर आपल्याला बरं वाटतं की खुपतं? खुपत असेल तर तो त्रास कुणा मोठ्या माणसाजवळ, समुपदेशकाजवळ बोलून मोकळा करावा. आणि तुमची भीती खरी असेल, मुलाला तिकडे खरंच धोका असेल, तर भेटी परस्पर बंद करू नका. लगेच न्यायालयात जा, देखरेखीखाली भेटी मागा, डॉक्टरांची आणि शाळेची नोंद घ्या, मुलाला स्वतः पुनःपुन्हा विचारत बसू नका. परस्पर बंद केलेल्या भेटी आणि घरात विचारलेले पन्नास प्रश्न, या दोन गोष्टींनी खऱ्या तक्रारीही न्यायालयात दुबळ्या केल्या आहेत.

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ एमी बेकर यांनी लहानपणी असं तोडलं गेलेल्या ४० प्रौढांच्या मुलाखती घेतल्या आणि २००७ मध्ये त्या प्रसिद्ध केल्या. स्वतःहून पुढे आलेल्या माणसांच्या या आठवणी आहेत, त्यामुळे त्यांवरून सगळ्यांबद्दल बोलता येत नाही. पण आपल्याला पढवलं गेलं हे त्यांच्या लक्षात आलं ते बऱ्याचदा फार उशिरा, घर सोडल्यावर, लग्नानंतर, कधी स्वतःला मूल झाल्यावर. वॉलरस्टाइन यांनाही पुढच्या वर्षांत दिसलं होतं की त्या कडक युती फार काळ टिकत नाहीत. म्हणून नाकारलेल्या पालकाने पत्ता आणि फोन नंबर बदलताना मुलाला, शाळेला किंवा एखाद्या नातेवाइकाला तो कळवत राहावा. वाढदिवसाला दोन ओळी पाठवाव्यात, ज्यात तक्रार नसेल आणि उत्तराची मागणी नसेल. पत्र परत आलं तर ते पाकीट न फोडता, पोस्टाच्या शिक्क्यासकट ठेवून द्यावं.